होडीवरचे सेफ्टी साहेब

अण्णांच्या लग्नात होमाशेजारी वाळूने भरलेली लाल बादली ठेवली होती, असं काकू सांगायच्या. भटजींनी विचारलं, ही कुठल्या विधीची? तर नवरदेव म्हणाले, "आमच्या कारखान्याच्या. तुम्ही चालू द्या." ही गोष्ट काकू प्रत्येक नव्या भाडेकरूला पहिल्याच चहाबरोबर ऐकवत, म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय याचा त्याला अंदाज यावा. मला सांगितली तेव्हा मी पोट धरून हसले. महिनाभरात ते हसू ओसरलं, कारण जेवणं आटोपली की अण्णा रोज आमचं दार वाजवून विचारू लागले, "गॅसचा रेग्युलेटर बंद केला का?" आणि मी हो म्हटलं तरी आत येऊन स्वतःच्या बोटांनी खात्री करून घेत.

नव्वदीच्या दशकात मी नि माझा नवरा सातपूरला अण्णांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आलो. नवऱ्याच्या पाळ्या बदलत्या, आणि मी एका कंपनीत सोल्डरिंग लाइनवर. दिवसभर मान खाली घालून बारीक तारा जोडायच्या हे माझं काम. अण्णा एका इंजिनिअरिंग कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर. कामगार त्यांना तोंडावर 'सेफ्टी साहेब' म्हणत आणि पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. हेल्मेट न घालणाऱ्यावर ते ओरडत नसत. त्याच्या मशिनपाशी जाऊन त्याच्या मुलाबाळांची नावं विचारत, आणि शेवटी एवढंच म्हणत, "बरं, त्यांना सांभाळायला कोण आहे दुसरं?" माणूस चडफडत हेल्मेट घाली.

घरीही तेच. अण्णा पंख्याखाली बसत नसत. खुर्ची थोडी बाजूला सरकवून बसत आणि पाहुण्यालाही सरकायला लावत. सिनेमाला गेले की आधी बाहेर पडायच्या सगळ्या दारांतून एकदा बाहेर जाऊन येत. एकदा असेच बाहेर गेले आणि डोअरकीपरने आत घेतलं नाही, तर अर्धा सिनेमा काकूंनी एकटीने पाहिला. "फार छान गेला," काकू म्हणाल्या. एसटीत संकटकाळी बाहेर पडण्याची खिडकी उघडते का ते पाहताना ती खरंच उघडून त्यांच्या हातात आली होती. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "अपघात आपणहून येत नाही, आपण त्याला खुर्ची देतो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही कुणी खुर्ची पुढे केली तर क्षणभर विचार करते.

असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करील? तुळशीला पाणी घालील, फार तर कॉलनीच्या मीटिंगा घेईल. अण्णांनी मासेमारी सुरू केली.

सुरुवात गळाने झाली. रविवारी घोटीकडच्या एका धरणावर जायचं, काठावर छत्री उघडून बसायचं आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत यायचं. रिकाम्या हाताने घरी येणं बरं दिसत नाही म्हणून ते सोमाकडून मासे घेऊ लागले. सोमा धरणावरचा मच्छीमार, तिथल्याच डोंगरातला. पत्र्याची, डांबर फासलेली होडी, बांबूची वल्ही आणि बायकोने विणलेलं जाळं एवढा त्याचा संसार. त्याची बायको हिराबाई पावसाळाभर दाराशी बसून नायलॉनच्या दोऱ्याचं जाळं विणायची आणि पाऊस सरला की सोमा ते पाण्यात सोडायचा.

अण्णांनी पहिल्यांदा ती होडी पाहिली तेव्हा कारखान्यातल्या सवयीने विचारलं, "होडी उलटली तर काय सोय आहे?"

"पोहायचं," सोमा म्हणाला.

"आणि पोहता नाही आलं तर?"

सोमा वल्ही उचलून होडीकडे वळला. उत्तर त्याच्या शेजारच्या मच्छीमाराने नंतर दिलं. धरणाच्या पोटात जुनं गाव आहे. भिंती आहेत, झाडांचे बुंधे आहेत, आणि जाळं त्यांत अडकतं. अडकलं की बुडी मारून ते सोडवायचं, ही तिथली रीत. सोमाचा धाकटा भाऊ असाच जाळं सोडवायला खाली गेला होता आणि स्वतःच त्यात गुंतला. वर होडीत सोमा होता.

त्या रविवारी अण्णा घरी आले ते मासे न घेताच. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "त्या माणसाला पाण्यात उतरू द्यायचं नाही." जसं काही सोमा त्यांच्या कारखान्यातला कामगार होता आणि सोमवारी सकाळी ते त्याला फाटकावर अडवणार होते.

मग खरेदी सुरू झाली. तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं, नाशिकच्या मेन रोडवर हवं ते मिळू लागलं होतं, आणि जे मिळत नव्हतं ते मुंबईहून मागवता येत होतं. अण्णांनी बरीच दुकानं पालथी घातली. प्रत्येक वस्तूबद्दल त्यांचा एकच प्रश्न असे, "तरंगते का?" टॉर्च दाखवला, तरंगतो का? शिट्टी दाखवली, तरंगते का? एक दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला, "काका, टॉर्च आहे हा, बदक नाही." अण्णांनी दुकानातच पाण्याचा जग मागवला आणि टॉर्च त्यात बुडवला. टॉर्च बुडाला, विझला आणि अण्णांना विकत घ्यावा लागला. तो आमच्या घरी कित्येक वर्षं होता. झटके दिल्याशिवाय लागायचा नाही.

शिट्ट्यांची परीक्षा कॉलनीच्या मैदानावर झाली. काकूंना एका टोकाला उभं केलं आणि अण्णा दुसऱ्या टोकाला कान देऊन उभे. आत गोटी असलेली शिट्टी ओली झाली की गप्प बसते, हे त्यात कळलं. बिनगोटीची, साधी प्लॅस्टिकची शिट्टी पास झाली. काकूंनी ती इतक्या जोरात वाजवली की शेजारच्या गल्लीतून दोन माणसं काय झालं म्हणून पळत आली. "लग्नानंतर पहिल्यांदाच मोकळेपणाने ओरडता आलं," काकू म्हणाल्या.

लाइफ जॅकेटं तीन प्रकारची आणली. अण्णांचं म्हणणं, पेटीत ठेवलेलं जॅकेट म्हणजे नुसता फोम. अंगावर राहील तेच खरं. म्हणून ते नारिंगी जॅकेट घालून आठवडाभर लुनावरून भाजी आणायला गेले, बँकेत गेले, एका बारशालाही गेले. पहिलं मानेला काचलं, दुसऱ्यात हात वर होईना, तिसऱ्याची खांद्यापाशी कापलेली बाजू मोठी होती म्हणून वल्हं मारता येईल असं ठरलं. मग ते पाण्यात कसं वागतं ते बघायला सोमाच्या गावच्या विहिरीत अण्णा स्वतः उतरले. त्यांना पोहता येत नव्हतं. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक सोमाच्या हातात, विहिरीच्या काठावर अर्धं गाव. अण्णा तेलात सोडलेल्या पुरीसारखे आधी खाली गेले आणि मग फुगून वर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता तू घाल," अण्णा वर येऊन निथळत सोमाला म्हणाले.

"जाकीट लय ब्येस हाय," सोमा म्हणाला. "पन ह्ये घालून बुडी कशी मारू? ह्ये तर खाली जाऊच द्येत नाय."

"त्यासाठीच तर आहे."

"आन जाळं आडकलं मंजी?"

अण्णा जॅकेटचे पट्टे चाचपत राहिले. मी तिथे होते. काठावर बसून त्यांचा टॉवेल धरला होता. एवढा सेफ्टीत मुरलेला माणूस, पण कामगार हेल्मेट का घालत नाही याचं खरं कारण त्याच्या कामातच असतं, हे त्यांनाही त्या विहिरीत पहिल्यांदा नीट दिसलं असावं. परतीच्या बसमध्ये त्यांनी संकटकाळची खिडकीसुद्धा तपासली नाही. सातपूरला उतरताना म्हणाले, "जाळं अडकलंच नाही पाहिजे. मग तो जॅकेट घालील."

आणि त्यांनी मुंबईहून मासे शोधायचं यंत्र मागवलं.

हे यंत्र तेव्हा समुद्रावरच्या मोठ्या बोटींवर असे. साबणाच्या वडीएवढा एक भाग पाण्यात सोडायचा. तो खाली आवाज पाठवतो, आवाज तळावर आपटून परत येतो आणि पडद्यावर तळाची रेघ उमटते. दुकानदार फोनवर खोल समुद्राच्या गप्पा मारत होता. अण्णा म्हणाले, "माझं पाणी पाच-सात पुरुष आहे. तेवढ्यात चालेल ना?" दुकानदाराने वायरलेस सेटही घ्या म्हटलं. "समुद्रात बंदर ऐकतं, धरणावर कोण ऐकणार? म्हशी?" जागा दाखवणारं जीपीएस घ्या म्हटलं. "धरण कुठे आहे ते मला माहीत आहे. धरणात काय आहे ते सांगा."

यंत्राच्या तारा जोडायचं काम माझ्याकडे आलं. "पोरी, तुझा हात स्थिर आहे," असं म्हणून त्यांनी मला कामाला जुंपलं आणि मग माझ्या डोक्यावर उभं राहून दर टाक्याला विचारलं, "हे ओलं झालं तर?" पडदा काकूंच्या लोणच्याच्या मोठ्या प्लॅस्टिक बरणीत बसवला, झाकणाला रबर लावून. बॅटरी बंद प्रकारची, आतलं पाणी सांडणार नाही अशी, होडीच्या बरोबर मध्यावर, पट्ट्याने बांधलेली. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. पण मग अण्णांनी होडीच्या कडांना पिवळे-काळे पट्टे मारले, 'सुरक्षा प्रथम' अशी पाटी लावली आणि वाळूने भरलेली लाल बादली आणून ठेवली.

सोमाने बादलीकडे पाहिलं, धरणाकडे पाहिलं. "अण्णा, आग लागली तं हितं पानी नाय का?"

"विजेच्या आगीवर पाणी टाकत नाहीत."

"मंग वाळू कशाला वाहू? येवढ्या वजनात तीन कटले बसत्याल."

बरीच वादावादी होऊन वाळू अर्धी झाली. पुढच्या फेरीला ती पाव झाली. शेवटी नुसती बादली उरली, आणि ती होडीतलं पाणी उपसायला इतकी कामाची निघाली की अण्णांनी ती आपलीच मूळ कल्पना होती असं सांगायला सुरुवात केली.

यंत्राने मासे दाखवले. ठिपके, वेलांट्या. सोमा हरखला. अण्णांना त्यांच्याशी कर्तव्य नव्हतं. "मासे हलतात. भिंती हलत नाहीत. भिंती बघ." सोमा वल्हं मारायचा, अण्णा बरणीत डोकं खुपसून बसायचे, आणि तळाची सपाट रेघ कुठे उसळली की ओरडायचे. मग तिथे दगड बांधून दोर सोडायचा आणि दोराला तेलाचा रिकामा पांढरा डबा. हळूहळू धरणाच्या त्या अंगाला पाण्यावर डबेच डबे झाले. सोमा ते बापाने सांगितलेल्या गावाशी ताडून बघायचा. हा चिंचेचा डबा, हा तालमीचा, ह्यो देवळाचा. एका डब्यापाशी तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "हितं आमचं घर." अण्णांनी त्या डब्याला लाल रंग दिला. त्या डब्यापासून जाळं लांब ठेवायचं असं त्यांनी ठरवलं आणि सोमाने मान हलवली.

त्या हंगामात सोमा जॅकेट घालू लागला. जाळं डब्यांच्या मधल्या मोकळ्या पाण्यात सोडायचा, ते अडकायचं नाही, आणि बुडी मारायची वेळ यायची नाही. अण्णा खूश. काकू खूश, कारण दर रविवारी आता खरोखरच ताजा मासा घरी येई. मीही खूश, कारण अण्णा रेग्युलेटर विसरू लागले होते.

उन्हाळा सरत आला होता. पाणी खाली गेलं होतं, दुपारनंतर वारा सुटायचा. बरणीतली तार हलली म्हणून त्या दिवशी मला नेलं होतं. होडीत आम्ही तिघं, तिघांच्या अंगावर जॅकेटं. मी तार बसवली, पडदा लागला, आणि तेवढ्यात सोमाचा हात थांबला. जाळं ओढलं जाईना. वाऱ्याने ते डब्यांकडे वाहत गेलं होतं आणि खाली कशात तरी अडकलं होतं.

सोमाने ओढून पाहिलं. होडी कलली. त्याने अण्णांकडे न बघता जॅकेटचे पट्टे सोडले.

"सोमा, थांब."

"आत्ता येतो."

"पाणी गढूळ आहे. काही दिसणार नाही खाली. थांब."

"हिरीनं पावसाळाभर इणलंय त्ये," सोमा म्हणाला. "धा येळा ग्येलोय खाली. आत्ता येतो." आणि त्याने एक पाय कडेवरून पलीकडे टाकला.

अण्णांच्या पट्ट्याला म्यानात एक सुरी असायची. दुकानदाराने ती जॅकेटाबरोबर घ्यायला लावली होती आणि आम्ही सगळ्यांनी तिची थट्टा केली होती. काकू म्हणायच्या, कांदे तरी चिरा तिने. अण्णांनी ती काढली आणि जाळ्याचा वरचा दोर कापला. एका घावात तुटला नाही, तीन-चार वेळा करवतीसारखी चालवावी लागली. मग तो सुटला, आणि सगळं जाळं, खालच्या वजनांच्या ओढीने, त्याच्या तरंगत्या गोळ्यांसकट हळूहळू पाण्याखाली गेलं.

सोमा तसाच, एक पाय होडीत आणि एक पाण्यात, बघत बसला. मग पाय आत घेतला, वल्हं उचललं आणि आम्हाला काठावर आणलं. काठावर हिराबाई उभी होती. तिने रिकामी होडी पाहिली, आम्हा तिघांचे चेहरे पाहिले आणि वळून घराकडे चालू लागली, तेव्हा मला अण्णांचा राग आला. खरंच आला. मनात म्हटलं, सेफ्टी सेफ्टी करत या माणसाने एका बाईचा पावसाळा पाण्यात घातला.

अण्णा नवं जाळं आणून द्यायला निघाले तर सोमा म्हणाला, "नगं." एवढंच. मग पाऊस लागला, मासेमारी बंद झाली आणि अण्णांचं धरणावर जाणंही.

तो पावसाळा वाईट गेला. अण्णा आमच्या दारावर येईनात. मीच एकदा मुद्दाम जाऊन सांगितलं, "अण्णा, रेग्युलेटर बंद केलाय हं," तर म्हणाले, "असू दे." काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि कुजबुजल्या, "अगं, बघ ना, सरळ पंख्याखाली बसलेत!" आम्ही दोघी दारातून बघत राहिलो. ते खरंच पंख्याच्या बरोबर खाली खुर्ची टाकून बसले होते, आणि पंखा फुल स्पीडवर होता. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी या विक्षिप्त म्हाताऱ्याला किती जीव लावून बसले आहे.

एकदा काकूंनी विचारलंच. "त्याला उतरू दिलं असतं तर? पट्टीचा पोहणारा आहे तो. आला असता वर."

"आला असता," अण्णा म्हणाले. "बहुतेक आला असता. ते बहुतेक मला झेपलं नाही."

दसऱ्याच्या आसपास एका सकाळी सोमा आणि हिराबाई दारात उभे. सोमाच्या खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी, हिराबाईच्या डोक्यावर मोठं गाठोडं. काकूंनी पाणी दिलं, बसायला घातलं. अण्णा समोर बसले, पण मान वर करीनात. चहा होईपर्यंत नुसता भाताच्या पिकाचा विषय झाला. यंदा घोटीच्या बाजारात भाताला भाव कसा आहे, वगैरे. मी दाराला टेकून उभी होते.

मग सोमा म्हणाला, "अण्णा, म्या त्या दिशी बोललो नाय. राग आला व्हता, खोटं कशाला बोलू."

"येणारच," अण्णा म्हणाले.

"पन दुसरं बी व्हतं. घरी जाऊन झोपच लागंना. भाऊ खाली ग्येला तवा जाळं म्या वर वढीत व्हतो. त्यो दिसत व्हता, अण्णा. हातभर खाली. जाळं त्याच्या आंगाला आन बुंध्याला, दोनी कडं. म्या दातानं दोर तोडीत व्हतो. नायलानचा दोर, दातानं." तो थांबला. "नावंत पातं नव्हतं. आमच्या कुनाच्याच नावंत नसतं. जाळं कापायचं आसतं ह्येच कुनाला ठाव नाय."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"मला बी यक सुरी पायजे," सोमा म्हणाला. "जाकिटाला बांधता येईल आशी."

अण्णा उठले. आता हे तासभर सुरीचे प्रकार, मुठीचे प्रकार आणि गंज यांवर बोलणार असं मला वाटलं. ते आत गेले, आपल्या पट्ट्याची सुरी म्यानासकट काढून आणली आणि सोमापुढे धरली. त्यांचे डोळे उघड उघड भरले होते. ते लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

सोमाने हात पुढे करायच्या आत हिराबाईनेच ती घेतली. म्यानातून काढली, अंगठ्याने पातं चाचपलं. मग खाली बसून आपलं गाठोडं सोडलं. आत नवं जाळं होतं, त्याच पावसाळ्यात विणलेलं, दोऱ्याचा वास अजून न गेलेलं. तिने त्याचा वरचा दोर दोन बोटांत धरला, पातं त्याला लावून पाहिलं आणि सुरी अण्णांना परत दिली.

"धार कमी हाय, अण्णा," ती म्हणाली. "घासून द्या. यकाच घावात तुटलं पायजे."